बाळंतिणीचं टेन्शन

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई, म्हणजे गावातली सरकारी आरोग्य कार्यकर्ती, ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक फेरी वाढते. आली की ती आधी हात धुते. पिशवीतून वजनकाटा काढते, बाळाला झोळीत घालून काटा उचलते, काखेत थर्मामीटर लावते, मिनिटभर श्वास मोजते, नाळ कोरडी आहे का पाहते, बाळ नीट ओढून पितं का ते विचारते. मग बाळंतिणीकडे वळते. ताप आहे का, अंगावरून जातं त्याला वास येतो का, दिवसातून किती वेळा पोटभर जेवली, कपडा किती वेळा बदलला, छाती दगडासारखी झाली का, दूध कमी वाटतं का. फॉर्मवर आणखी एक ओळ असते: आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. बहुतेक घरांत तिथे ‘नाही’वर खूण होते आणि आशाताई पुढच्या घराकडे निघते.

ही यादी हवेतून आलेली नाही. तिचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ साली ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध छापून आला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशांच्या हाती देऊन देशभर लावली. आज अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यातल्या एखाद्या कौलारू घरात झोळीचा काटा वर उचलला जातो, तो त्या कामाचाच विस्तार आहे. फॉर्ममधली प्रत्येक ओळ कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी आहे.

म्हणूनच आईच्या असंबद्ध बोलण्याविषयीच्या त्या ओळीकडे पुन्हा पाहायला हवं. असंबद्ध बोलणारी, भान हरपलेली बाळंतीण हजारात एखाद-दुसरी असते. तिच्यासाठी ओळ आहे. पण जी नीट बोलते, आल्या-गेल्याला चहा करते, आणि पहाटे तीनला बाळ झोपलेलं असतानाही टक्क जागी राहते. जिला ताट पुढे आलं की घास फिरतो. जिला आपलंच लेकरू उचलून घ्यावंसं वाटत नाही आणि या गोष्टीची मनातल्या मनात लाज वाटते, तिच्यासाठी रकाना नाही. तिला कुणी बसून विचारलंच तर ती फार तर म्हणेल, ‘काई नाई ताई, टेन्शन हाय.’ वऱ्हाडात या एका शब्दात कर्ज, सासू, पाऊस, दारू, डोकेदुखी आणि आजार हे सगळं मावतं. ऐकणाऱ्याने त्यातलं कोणतं ते ओळखायचं असतं.

ओळखायला तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या तर पुरतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं, एकदम भरून येणं हे अर्ध्याहून जास्त बायांना होतं. दूध उतरत असतं, शरीरातले संप्रेरकांचे आकडे झपाट्याने खाली आलेले असतात आणि झोप तुकड्यातुकड्यांची होते. ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माणसं लागतात. दुसरी पायरी नैराश्याची. ते दोन आठवडे उलटले तरी हटत नाही, उलट बसतं. उदासी, कशातच गोडी नसणं, झोप आणि भूक बिघडणं, ‘मीच नालायक’ असं वाटत राहणं, आणि काही वेळा ‘माझ्यामागे लेकराचं काय होईल’ इथपर्यंत पोचणारे विचार. भारतातल्या ३८ अभ्यासांची बेरीज करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत जो निबंध आला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. पाच बाळंतिणींत एकीहून जास्त. तिसरी पायरी ती फॉर्मवरची: भास, भ्रम, असंबद्ध बोलणं. तिथे वाट पाहायची नसते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, कारण बाई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

दुसऱ्या पायरीवरची बाई आपल्याकडे आजारी समजली जात नाही. ‘आळशी’, ‘नाटकी’, ‘पहिलटकरीण हाय, होईल सवय’ यांपैकी काहीतरी समजली जाते.

हे विदेशी पुस्तकातलं दुखणं आहे असं म्हणणाऱ्यांनी म्हापसा गाठावं. गोव्यातल्या म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायांना आठव्या-नवव्या महिन्यात नोंदवून घेतलं आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी भेटून पाहिलं. पहिल्या भेटीत २३ टक्के बायांना नैराश्य होतं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही त्यातच होत्या. आणि ज्यांना बाळंतपणानंतर नैराश्य आलं, त्यांतल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, म्हणजे दुखणं बाळाबरोबर आलं नव्हतं, ते आधीच घरात होतं. कोणत्या घरात? जिथे पैशाची ओढ होती, जिथे नवरा मारत होता, आणि जिथे मुलगा हवा असताना मुलगी झाली होती. हा निबंध २००२ साली छापून आला. त्यात हवामान, जात, नशीब किंवा बाईचा ‘कमकुवत स्वभाव’ यांच्यावर खापर फोडलेलं नाही.

पुढच्या वर्षी याच गटाने दुसरा निबंध लिहिला आणि माझ्या मते कुपोषणावर बोलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर तो असायला हवा. सहा महिन्यांच्या १७१ बाळांची वजनं त्यांनी मांडली. नैराश्य नसलेल्या आयांच्या बाळांत वजनाने फार मागे पडलेली बाळं १२ टक्के होती. नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांत ३० टक्के. घरची गरिबी आणि जन्मवेळचं वजन हिशेबात धरूनही फरक उरला. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. बाळ भुकेचं रडतं की झोपेचं, हे ओळखायला जागं मन लागतं. स्तनाला लावून वीस मिनिटं बसायला, ओढत नसेल तर पुन्हा लावायला, जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी उठून क्षारसंजीवनीचं पाकीट आणायला, लसीची तारीख लक्षात ठेवायला, सहाव्या महिन्यात वरणाचं घट्ट पाणी आणि मऊ भात भरवताना बाळाने तोंड फिरवलं तरी चिडून न उठायला, या सगळ्याला उमेद लागते. ती संपली की काट्यावरचा आकडा सरकत नाही, आणि मग अंगणवाडीत सगळे मिळून बाईलाच विचारतात, ‘लेकराले खाऊ घालत नाई काय वं?’

महाराष्ट्रात पाच वर्षांखालचं दर तिसरं मूल वयाच्या मानाने बुटकं आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ३५.२ टक्के आहे. १५ ते ४९ वयाच्या बायांत रक्त कमी असलेल्या ५४.२ टक्के. त्याच पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं ९४.७ टक्क्यांवर पोचलेली दिसतात. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचली, बाळंतीण झाली, घरी परतली. अडतं ते त्यानंतर, घरात.

आता अकोट. तालुक्याचा नकाशा हातात घेतला तर वर सातपुडा, खाली पूर्णा आणि मधे काळी जमीन. या तीन पट्ट्यांत बाळंतिणीचं टेन्शन तीन तऱ्हेचं आहे.

पूर्णेच्या बाजूचा पट्टा खारपाणाचा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणली, बोअर मारली तरी तेच. सिंचनाला नको आणि प्यायलाही नको. अकोटच्या बाजूच्या गावांना वान धरणाच्या पाण्यावरची ८४ खेडी योजना आहे. पण नळाला किती दिवसांआड पाणी येतं, यावर घरातल्या बायांचा दिवस ठरतो. पाणी भरणं हे आपल्याकडे बाईचं काम. सव्वा महिना बाजेवर ठेवण्याची रीत कितीही जुनी असली तरी घरात दुसरी बाई नसली तर तिसऱ्या आठवड्यात बाळंतीण हंडा उचलते. नळ रात्री आला तर रात्री उठते. बाळ रात्रीतून चारदा उठवतं आणि पाचव्यांदा नळ. झोप तुटणं हे नैराश्याचं लक्षणही आहे आणि कारणही, त्यामुळे इथे पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक हा मानसिक आरोग्याचाच विषय ठरतो.

खाऱ्या पाण्याचा दुसरा पदर रक्तदाबाचा. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर, खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात, पिण्याच्या पाण्यातलं मीठ आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांचा जवळचा संबंध आढळला आहे. पावसाळ्यापेक्षा कोरड्या महिन्यांत, पाणी जास्त खारट होतं तेव्हा, त्रास जास्त. तिथली जमीन वेगळी, समुद्र जवळ. पण एवढं कळल्यावर खारपाणपट्ट्यातल्या गरोदर बाईचा रक्तदाब प्रत्येक तपासणीला मोजला जाणं हा उपचाराचा भाग ठरतो. पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘दिवस भरत आले, असं व्हतेच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. गरोदरपणातला रक्तदाब झटक्यांपर्यंत जातो, आणि झटका आलेल्या आईचं बाळंतपण गावात होत नाही.

मधल्या काळ्या जमिनीत कापूस. सीतादही होऊन वेचणी लागली की ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने बायांच्या हातांना उसंत नसते. वेचणीची मजुरी किलोवर. रोजाने पैसे असते तर मधे दोनदा घरी जाऊन बाळाला पाजून येता आलं असतं. किलोवर असल्याने प्रत्येक पाजणं म्हणजे कमी झालेला कापूस. म्हणून दोन-तीन महिन्यांचं बाळ धुऱ्यावरच्या निंबाला झोळी बांधून ठेवलं जातं, नाही तर घरी आजीजवळ, नाही तर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. आजीजवळ राहिलं की वरचं दूध सुरू होतं, पाणी घालून वाढवलेलं. दुपारभर न पाजल्याने आईची छाती भरून ठणकते, संध्याकाळी बाळ नीट ओढत नाही, आणि आठवड्याभरात घरात निकाल लागतो: ‘हिले दूधच नाई.’ खरं तर दूध पाजल्याने वाढतं, न पाजल्याने आटतं. स्तनपान करणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. म्हणजे साधारण दीड-दोन भाकरी, वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे नेहमीच्या जेवणावर. वेचणीवरून आलेली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा टोपल्यात काय उरलं असेल ते वेगळं सांगायला नको.

या पट्ट्यात बापाचं टेन्शनही बाजूला ठेवता येत नाही. पेरणीचं कर्ज, बोंडअळी, पडलेला भाव. अकोला-अमरावतीच्या शेतकरी आत्महत्यांवर इतकं लिहिलं गेलं आहे की वाचणाऱ्याच्या मनाला घट्टे पडलेत. पण त्या घरांत त्या वर्षी एखादं बाळ पाळण्यात असतं, याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नसते. आणि जो बाप आत्महत्या करत नाही, फक्त संध्याकाळी पिऊन येतो, त्याच्या घरात म्हापशाच्या अभ्यासातली यादी जशीच्या तशी उभी असते.

माहेरपणाची रीत मात्र इथे बाईच्या बाजूने उभी राहते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिथे आई असते, अंगाला तेल लावणारी, बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई असते, ‘झोप थोडी’ म्हणणारं कुणीतरी असतं. एवढं पाठबळ पैसे देऊन मिळत नाही. गोम अशी की सरकारी वही माहेरी चालत नाही. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, पहिल्या दीड महिन्याच्या फेऱ्या माहेरच्या आशाने करायच्या आणि पुढच्या लसी पुन्हा सासरी. माता-बाल सुरक्षा कार्ड सोबत असलं तर ठीक. ते ट्रंकेत राहिलं तर बाळ दोन वह्यांच्या मधे पडतं. तिसऱ्या महिन्यात बाई सासरी येते, तेव्हा माहेरची शांतता आणि सासरची कामं यांच्यातली उडी तिला एका दिवसात मारावी लागते. नैराश्य दिसू लागण्याचा हाच काळ असतो, आणि आशाच्या सहा फेऱ्या तोवर संपलेल्या असतात. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या पाच फेऱ्यांची भर पडली आहे, ती यासाठी मोलाची. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला तर माहेरही नसतं.

बाळ किंवा आई गंभीर झाली तर अकोटच्या ग्रामीण रुग्णालयातून गाडी अकोल्याला निघते. पंचेचाळीसेक किलोमीटर. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला जुनी माणसं अजून ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात आणि अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला ‘डफरीन’. दोन्ही नावं व्हाइसरॉयांच्या बायकांची. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडून औषधोपचार मिळावेत म्हणून निधी उभा केला, आणि त्यातून देशभर जनाना दवाखाने निघाले. परक्या राणीच्या सांगण्यावरून निघालेला तो निधी वऱ्हाडातल्या बायांच्या तोंडी दवाखान्याचं नाव होऊन बसला. पण दवाखाना असणं आणि तिथे पोचणं यांत पूर्णा आडवी आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात गांधीग्रामच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडे गेले आणि अकोट-अकोला रस्त्यावरची वाहतूक बंद झाली. महिनाभराने अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली, पण वेणा गाडीची वेळ पाहून येत नाहीत. वाहनांना लांबचा वळसा पडला. ज्या घरात आठवा महिना चालू होता, त्या घरात ‘कळा सुरू झाल्या आन् पूल बंद’ ही धास्ती महिनोन्महिने उशाशी होती. असली धास्ती कोणत्याही प्रश्नावलीत येत नाही.

उत्तरेचा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा, आणि त्याला मेळघाटापासून तोडून पाहता येत नाही. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी देशाचं लक्ष वेधलं. तेव्हापासून न्यायालयातल्या याचिका, समित्या, योजना यांची रांग लागली. पावसाळ्यात मृत्यू वाढतात, घरातलं धान्य संपतं, नाले भरतात, बाळांना न्यूमोनिया आणि जुलाब होतात. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं मैदानात उतरतात, अकोट-अंजनगाव-अचलपूरच्या शेतांत मजुरीला राहतात आणि होळीला परत चढतात. या चार महिन्यांत त्यांची बाळं कुणाच्याच वहीत नसतात.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या गावांपैकी काही अकोट तालुक्यात वसवली गेली. जमिनीचा आणि पैशाचा हिशेब कागदावर मांडता आला. जंगलातली भाजी, कंद, मोहाची फुलं, हाकेच्या अंतरावरची दाई आणि मावशा यांचा हिशेब मांडायची सोयच नव्हती. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावांतले लोक पुन्हा जंगलात, केलपाणीच्या बाजूला निघून गेले आणि तिथे वनखात्याशी चकमक झाली. त्यांच्या तक्रारींत रोजगार होता, तसाच आरोग्यसेवेचा अभाव आणि नव्या वस्त्यांत झालेले मृत्यूही होते. बाळंतिणीच्या दृष्टीने पाहिलं तर पुनर्वसनात तिच्याभोवतीची बायांची साखळी तुटते, आणि ती साखळी हाच तिचा मनोविकारतज्ज्ञ होता.

मेळघाटात ‘डम्मा’ नावाचा उपचार आहे. बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने पोटावर डागतात. वर्तमानपत्रात बातमी येते, लोक हळहळतात, अंधश्रद्धेवर अग्रलेख निघतो. डागणं घातकच आहे, त्यात दुमत नाही. पण त्या रात्रीचा विचार करून पाहा: बाळ रडून रडून निळं पडतंय, दवाखाना डोंगरापलीकडे, नवरा घरात नाही, सासू म्हणते तुझ्याच दुधात दोष. भुमका, म्हणजे गावचा वैदू, हाक मारल्याबरोबर येतो आणि काहीतरी करतो. घाबरलेल्या आईला त्या घडीला उपचारापेक्षा सोबत हवी असते. भुमक्यांना सोबत घेऊन त्यांनाच ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हणायला लावण्याचे प्रयोग यामुळेच शहाणपणाचे वाटतात.

मेळघाटातल्याच धारणी तालुक्यातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे राहिले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. स्मिताताईंनी मुलाखतींतून सांगितलेली हकिकत अशी: त्यांचं पहिलं बाळंतपण बैरागडलाच झालं. बाळाला मेंदूज्वर, न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग झाला. लोक म्हणाले, अकोल्याला न्या. रवींद्र यांनी निर्णय पत्नीवर सोडला. गावातल्या बाळांवर जे उपचार होतात तेच माझ्या बाळावर होतील, असं म्हणून त्या तिथेच राहिल्या. बाळ वाचलं आणि गावाने त्यांना आपलं मानलं. ही गोष्ट नेहमी त्यागाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंही काही दिसतं. स्मिताताईंपुढे निदान दोन वाटा होत्या आणि कोणती घ्यायची हे त्यांना विचारलं गेलं. शेजारच्या झोपडीतल्या आईपुढे एकच वाट होती, आणि तीही सासरा-नवरा ठरवणार. आजारी बाळाजवळ रात्र काढणं दोघींना सारखंच जड. पण ज्या बाईच्या हाती निर्णयच नाही, तिचं मन लवकर खचतं.

यावर उपाय आहे का? वऱ्हाडातच करून पाहिलेला आहे. ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला, शेतीच्या संकटाने पिचलेल्या गावांतल्या मानसिक आजारांसाठी. गावातल्याच माणसांना समुपदेशन शिकवलं, त्यांनी घरोघर जाऊन नैराश्य म्हणजे काय ते साध्या बोलीत सांगितलं, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून दिलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनीच कधी मदत घेतली होती; दीड वर्षाने २७.२ टक्के लोक मदतीपर्यंत पोचले होते. २०१७ साली हा अभ्यास छापून आला. तो फक्त बाळंतिणींचा नव्हता, पण वऱ्हाडी माणूस ‘डोक्याच्या’ आजारासाठी दार उघडत नाही, हा समज त्याने मोडला.

बाळंतिणींचाच विचार करायचा तर पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागातलं काम पाहावं. डॉ. आतिफ रहमान यांनी तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना, म्हणजे आपल्या आशांच्या बहिणींनाच, बाळंतिणीशी बोलायची एक पद्धत शिकवली. त्या बायांनी ‘तुला आजार आहे’ असं म्हटलंच नाही. ‘बाळाची तब्येत चांगली हवी तर तुझी चांगली हवी’ इथून सुरुवात, त्यामुळे सासूलाही हरकत घेता येईना. सहा महिन्यांनी या गटात नैराश्य २३ टक्के होतं, तुलनेच्या गटात ५३ टक्के. बाळांच्या उंची-वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही त्या निबंधात स्वच्छ लिहिलंय. पण जुलाब कमी झाले, लसी जास्त झाल्या, आणि आई-बाप दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले. बाप खेळू लागले, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली ओळ.

अकोट तालुक्यात हे आणायचं तर नवं खातं काढावं लागत नाही. आशाताईने विचारायचं ते सातव्या किंवा चौदाव्या दिवसाच्या फेरीत नको, तेव्हा रडणं साहजिक असतं. बेचाळिसाव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात, सासू पाणी आणायला आत गेलेली असताना, दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मन सारखं उदास वाटते काय? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत आता गोडी वाटत नाई काय? एकाला जरी ‘हो’ आलं तर पुढची प्रश्नावली. एडिनबरोची दहा प्रश्नांची १९८७ पासून जगभर वापरात आहे, आणि तिच्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. तो विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही. बोलायला जागा मिळते. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तो नवऱ्याच्या खिशात, तिथे क्रमांक भिंतीवर लिहून भागत नाही. आशाताईने आपल्या फोनवरून लावून द्यावा लागतो.

आणि इथे येऊन गाडी अडते ती आशाताईवरच. बाळाच्या ४२ दिवसांतल्या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या की तिला त्याचे २५० रुपये मिळतात. २०२४ च्या जानेवारीत राज्यातल्या आशा संपावर गेल्या, फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर उघड्यावर बसल्या, आणि मार्चमध्ये मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. त्यांतल्या कित्येकींची स्वतःची लहान लेकरं घरी होती. अशा बाईच्या फॉर्ममध्ये आणखी दोन रकाने घालायचे तर त्याचा मोबदला वेगळा मोजायला हवा. ‘हो’ उत्तर आल्यावर पुढे कुणाकडे पाठवायचं ते तिला माहीत हवं. आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला डॉक्टर ठरलेल्या वारी अकोटच्या ग्रामीण रुग्णालयात बसलेला हवा. तसा वार ठरलेला नसेल तर हे दोन प्रश्न विचारूच नयेत, असं माझं मत आहे. बाईला मन उघडायला लावून पुढे काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.